शेवटच्या सहा ओळी

“शेवटपर्यंत वाचलंत का?”

कोणताही कागद त्यांच्यासमोर धरा, पहिला प्रश्न हाच. लग्नपत्रिका असो, कोर्टाची नोटीस असो, नाहीतर औषधाच्या बाटलीबरोबर आलेली चिठ्ठी असो. कानावरची पेन्सिल हातात यायची, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरायचा आणि ते विचारायचे, “शेवटपर्यंत वाचलंत का?” आपण हो म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला. “मग खालून दुसऱ्या ओळीत काय आहे?” तिथं भल्याभल्यांची दांडी गुल व्हायची.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. प्रेसमध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण हातात सदा पेन्सिल आणि दुसऱ्याची चूक दिसली की जीव कासावीस, एवढ्यावर आपल्याकडे माणूस मास्तर ठरतो. सांगलीतल्या एका बोळात आमचं साप्ताहिक निघायचं. संपादक म्हणजे मालकच. छपाईचे खिळे जुळवायला इमामभाई, प्रुफं तपासायला मास्तर आणि उरलेल्या सगळ्या कामाला मी. मी चोवीस वर्षांचा होतो, नुकताच बी. ए. झालो होतो, आणि मला लिहिता येतं असा माझा समज होता.

मास्तर कॅथलिक होते. आमच्या भागात हे कळलं की लोक लगेच विचारायचे, “म्हणजे गोव्याचे?” ते शांतपणे सांगायचे, “नाही, जावळीचा.” वडील पाचगणीच्या एका निवासी शाळेत पाव भाजायचे, आई मेढ्याकडची. इंग्रजी ते सिस्टरांकडून शिकले, मराठी आईकडून. वेलांटी चुकली की हात पेन्सिलीकडे जाण्याचा गुण कोणाकडून आला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एकदा आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर भेळ खात बसलो होतो. माझी संपली, मी कागद चुरगळून टाकला. मास्तरांनी आपला कागद झटकला, मांडीवर सरळ केला आणि वाचायला घेतला. कुठल्याशा जुन्या मासिकातली गोष्ट होती. नायिका विहिरीच्या काठाशी उभी होती आणि तिथंच कागद फाटलेला. मास्तर उठले आणि भेळवाल्याकडे जाऊन म्हणाले, “याच्या पुढचं पान आहे का हो?” भेळवाल्यानं गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. पाऊण तास ते शोधत होते. पान मिळालं नाही. परत येताना वाटेत दोनदा म्हणाले, “तिचं काय झालं असेल?” मी त्यांच्यावर हसलो, आणि दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये ती हकिगत नक्कल करून सांगितली.

ते मिरजेला राहायचे. रविवारी तिथल्या चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे. पूर्वी त्यांची सगळी उपासना लॅटिनमध्ये असायची, ती मराठीत आली आणि स्वच्छ वाचणारा माणूस हवा झाला. मास्तरांना हे काम मिळालं तेव्हा त्यांनी प्रेसमध्ये पेढे वाटले होते. शुक्रवारी दुपारी ते येत्या रविवारचा पाठ मला वाचून दाखवायचे. आवाज मोठा नव्हता, पण एकेक शब्द सुटा यायचा. “इथं बरं असतं,” ते म्हणायचे. “वाचायला लागलं की कोणी मध्येच उठत नाही. शेवटपर्यंत ऐकतात.”

आता फौजीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मास्तर पुरे होत नाहीत.

रोज बाराच्या सुमाराला मिरजेहून सायकल मारत एक उंच, काळासावळा माणूस चार खणांचा डबा घेऊन यायचा. आटपाडीकडचा धनगर. फौजेत लांगरी म्हणून स्वयंपाक करायचा, पायाला दुखापत झाली म्हणून घरी पाठवलेला. आता संध्याकाळी मिरजेच्या एका खानावळीत काम करायचा. अक्षरओळख नव्हती. मिरजेच्या इस्पितळात या दोघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या, तिथं ओळख झाली, एवढंच आम्हांला माहीत होतं. स्टेशनच्या बाजूला एका अंगणात दोन खोल्या आणि एक चूल, असं त्यांचं अकरा वर्षं चाललं होतं.

फौजीची एक अडचण होती. त्याला दोन माणसांचा स्वयंपाक जमत नसे. “माजा अंदाज पन्नास मानसाचा हाय,” तो सांगायचा. “कमी कराय गेलं की चव बिगडतीया.” त्यामुळे त्या डब्यात सगळी प्रेस जेवायची. मास्तर प्रुफात डोकं घालून बसलेले असले तर तो त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायचा. “आवं, जेवा आदी. अक्षरं काय पळून जात्यात व्हय?” मास्तर म्हणायचे, “फौजी, एवढी ओळ होऊ दे.” तो उभाच राहायचा. ती ओळ संपेपर्यंत डबा उघडत नसे, आणि दुसरी सुरू करू देत नसे.

इमामभाई म्हणायचे, “आलं बगा. आता एक भाकरी जास्त खावा, न्हाईतर त्यो रुसतोय.” मिरजेत त्यांचे घरमालक या दोघांना राम-लक्ष्मण म्हणायचे. एक कॅथलिक आणि एक धनगर, पण नाव पडलं ते पडलं.

आम्हांला कळत होतं का, असं तुम्ही विचाराल. कळत नव्हतं म्हणणं मला सोयीचं आहे. खरं असं, की कळत होतं आणि त्याला नाव दिलेलं नव्हतं. नाव नसलं की आपल्या गावांतून बरंच काही सुखानं नांदतं. मास्तर जेवताना फौजीच्या पानात आपल्यातला खर्डा सरकवायचे, कारण त्याला तो आवडायचा. हे आम्ही रोज पाहत होतो आणि आमचं आम्ही जेवत होतो.

त्याला नाव मी दिलं.

आणीबाणीचे दिवस होते. राजकारणावर काही लिहायची सोय नव्हती. साखर कारखान्याच्या नोटिसा आणि जत्रेच्या बातम्या यांवर अंक किती दिवस निघणार? म्हणून मालकांनी मला सांगितलं, “परदेशातलं काहीतरी चटपटीत देत जा.” मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आम्हांला एक दिवस शिळं मिळायचं. त्यातल्या बातम्या कापून त्यांचं मराठी करायचं, हे माझं काम. त्या थंडीत रोमच्या धर्मपीठानं एक निवेदन काढल्याची बातमी आली. स्त्रीपुरुष-संबंधांविषयी बरंच काही होतं, आणि त्यातच पुरुषानं पुरुषाशी किंवा स्त्रीनं स्त्रीशी ठेवलेल्या संबंधांविषयी. असं कृत्य चर्चला मान्य नाही, ते पाप आहे, हे जुनंच होतं आणि ते पुन्हा सांगितलं होतं. मला तेवढाच भाग चटपटीत वाटला. मी मथळा दिला, ‘विकृतांना रोमचा दणका’. आमच्याकडे दणका या शब्दाशिवाय मथळा होत नसे.

सबंध बातमी इमामभाईंनी जुळवली होती. तेवढ्यात एका कारखान्याच्या सभेची नोटीस आली. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं आणि बिनमहत्त्वाचं खाली, असं धरून चालायचं आणि शेपूट छाटायचं. मी इमामभाईंना म्हणालो, “शेवटच्या सहा ओळी काढा.” त्यांनी काढल्या.

त्या सहा ओळींत होतं ते असं. वर सांगितलेलं कृत्य योग्य आहे असं चर्च कधीच म्हणणार नाही. मात्र अशा माणसांशी समजुतीनं वागावं, त्यांना धीर द्यावा, कोणाचा दोष किती हे ठरवण्याची घाई करू नये, आणि त्यांच्यातलं कोणी एकटं पडू नये हे पाहावं.

तासाभरानं प्रूफ परत आलं. बातमीत एक वेलांटी सुधारलेली होती. मथळ्यातल्या पहिल्या शब्दाभोवती गोल होता आणि समासात बारीक प्रश्नचिन्ह. प्रूफ तपासणाऱ्याला मजकूर बदलायचा हक्क नसतो. शंका आली तर त्यानं समासात प्रश्नचिन्ह टाकायचं, पुढचं लिहिणाऱ्यानं बघायचं. मास्तर स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले, हे मात्र नेहमीचं नव्हतं.

“हा शब्द मूळ बातमीत नाही,” ते म्हणाले.

“मथळा आहे, मास्तर. मथळ्याला जोर लागतो.”

“आणि शेवटचा परिच्छेद?”

“जागा नाही. कारखान्याची नोटीस आलीय.”

“तुम्ही मूळ शेवटपर्यंत वाचलंत का?”

“वाचलं की.”

“मग खालून दुसऱ्या ओळीत काय आहे?”

मी हसलो. मला वाटलं, नेहमीचीच गंमत. ते हसले नाहीत. म्हणाले, “पुरती छापा, नाहीतर मुळीच छापू नका.” इतक्या दिवसांत छापावं की छापू नये याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते. मी म्हणालो, “मालकांना विचारतो.” आणि विचारलं नाही. मालक मागच्या खोलीतच बसले होते, दहा पावलांवर. मला कंटाळा आला, एवढंच त्याचं कारण. आज पन्नास वर्षं होत आली, मी दुसरं काही कारण शोधतोय, सापडत नाही.

संध्याकाळी शेवटचं प्रूफ त्यांच्याकडे गेलं. त्यांनी ते वाचलं, खाली ‘वाचले’ असं लिहिलं आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

आमचा अंक फार खपत नसे. पण मिरजेत एका केशकर्तनालयात एक प्रत जायची, आणि वर्तमानपत्र वाचायला दाढीचं निमित्त पुरतं. मास्तरांचे घरमालक तिथं बसायचे. मथळा त्यांनी मोठ्यानं वाचला म्हणे. कोणीतरी म्हणालं, मास्तरांच्याच पेपरात आलंय, मास्तरांच्याच धर्माचं आहे. आणि कोणीतरी हसलं. अकरा वर्षं जे राम-लक्ष्मण होते, त्यांना आठ दिवसांत दुसरा शब्द मिळाला, आणि तो मी दिलेला होता.

भांडण कोणी केलं नाही. कोणी दगड मारला नाही. घरमालक फक्त एवढंच म्हणाले, “मास्तर, खोल्या रंगवायच्यात. पाडव्यापर्यंत दुसरीकडं बघा.” ज्यांनी अकरा वर्षांत भिंतीला चुना लावला नव्हता, त्यांना रंगाची आठवण झाली. चर्चमध्येही कोणी तोंडावर बोललं नाही. एकानं आमच्या अंकातला तुकडा कापून फादरांना नेऊन दाखवला, एवढंच.

हे सगळं मला इमामभाईंनी सांगितलं. मास्तर रोज येत होते, रोज प्रुफं तपासत होते. फौजीचा डबाही येत होता. फक्त आता मास्तर त्याच्या पानात काही सरकवत नव्हते. फौजीनं एकदा विचारलं, “खर्डा तिखट झालाय का?” मास्तर म्हणाले, “नाही. चांगला आहे.” आम्ही सगळे पानात बघून जेवलो.

दुसऱ्या शुक्रवारी मी त्यांना विचारलं, “रविवारचा पाठ नाही वाचून दाखवणार?”

“मी सोडलं ते,” ते म्हणाले.

“फादरांनी बंद केलं?”

“नाही. फादर म्हणाले, वाचा. मीच नको म्हणालो. आता लोक काय वाचलं ते ऐकणार नाहीत. कोण वाचतोय ते बघतील.”

मग मी माफी मागितली. काय बोललो ते आठवत नाही, बरंच बोललो असणार. चर्च जुनाट आहे, असले नियम करणारे कोण, असलंही काही म्हणालो. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“नियम मला लहानपणापासून पाठ आहे,” ते म्हणाले. “तो मी पाळतो की मोडतो, ते मी आणि फादर बघून घेऊ. त्याची तक्रार मी तुमच्याकडे कशाला करू? तुम्ही अर्धा छापलात, ती माझी तक्रार आहे.”

पेन्सिल पुन्हा उचलत म्हणाले, “पुरा नियमसुद्धा जड आहे हो. पण त्याला खाली एक दार आहे. लहान आहे, वाकून जावं लागतं. तुम्ही तेवढंच कापलंत.”

आम्ही ‘दुरुस्ती’ म्हणून एक चौकट छापत असू. मयताच्या बातमीत सुनेचं नाव राहिलं, तारीख चुकली, असलं काही. मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, राहिलेल्या सहा ओळी दुरुस्ती म्हणून छापू. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी अंक उघडून बातमी पुन्हा वाचली आणि म्हणाले, “यात चूक काय आहे? जे छापलंय ते खरंच आहे ना?” मी म्हणालो, खरं आहे पण अर्धं आहे. ते म्हणाले, “सगळ्याच बातम्या अर्ध्या असतात. दिवस कसले आहेत ते बघ. विषय निवला आहे तर निवू दे.” मी अंक घडी करून परत ठेवला. नोकरी सोडून देण्याइतका मी शूर नव्हतो, आणि ते मालकांना माहीत होतं.

बाहेर आलो तर इमामभाईंनी फळीवरून एक चौकोनी गठ्ठा काढून दाखवला. सुतळीनं बांधलेले खिळे. त्याच सहा ओळी. काढलेला मजकूर लगेच सोडून खिळे खणांत टाकायची पद्धत होती, पण त्यांनी सोडला नव्हता. “मास्तर म्हनलं, ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मी बी म्हनलं, जागा हुईल कवातरी.”

जागा एकदा झाली. फाल्गुनात एक जाहिरात आयत्या वेळी गळाली आणि चौथ्या पानावर तळाला तीन ओळींची पट्टी मोकळी राहिली. मालक गावाला गेले होते. मी धावत मास्तरांकडे गेलो. “खालच्या तीन ओळी बसतात. समजुतीनं वागावं, धीर द्यावा, घाई करू नये, एकटं पडू नये. तेवढं घालतो. मालक आल्यावर बघू काय म्हणतात ते.” मला वाटलं ते खूश होतील. आयुष्यात एकदा मी शूरपणा करायला निघालो होतो.

मास्तरांनी त्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि वरच्या तीन?”

“त्या कशाला? त्यातलं तर आधी छापलंच आहे. त्या तुमच्या विरुद्धच आहेत.”

“आधी तुम्ही खालून कापलंत,” ते म्हणाले. “आता वरून कापताय. सहाच्या सहा घाला, नाहीतर राहू द्या.”

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हणालो, “मास्तर, तुमचा संसार मोडायला आलाय आणि तुम्ही ओळी मोजताय?” संसार हा शब्द तोंडातून गेला आणि मग कळलं, आपण काय बोललो ते. मास्तरांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. इतकी वर्षं तो शब्द त्यांच्यासाठी कोणी वापरलाच नव्हता, असं मला नंतर वाटलं. ते हळू म्हणाले, “व्हय. मोडाय आलाय.” रागात किंवा दुःखात त्यांच्या तोंडी आईची जावळीची बोली यायची. मग नेहमीच्या भाषेत म्हणाले, “म्हणून तर खोटं नको.” त्या पट्टीत आम्ही काजळाच्या डबीची जाहिरात फुकट छापली.

चैत्रात फौजीचा थोरला भाऊ आटपाडीकडून आला. गोष्ट तिथवर कशी गेली कोणास ठाऊक. तो भांडायला आला नव्हता. मास्तरांच्या पाया पडला म्हणे, आणि म्हणाला, “आईनं आन घातलीया. मेंढरांमागं मानूस न्हाई.” खोल्या सोडायच्याच होत्या. फौजी त्याच्याबरोबर गेला. जायच्या दिवशी तो बाराला डबा घेऊन आला, सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवला नाही. मास्तर जेवले. त्यांनी शेवटचा घास संपवला, डब्याचे चारी खण स्वतः धुतले, पुसले, आणि त्याच्या हातात दिले. फौजी म्हणाला, “डबा ऱ्हाऊ द्या की तुमाला.” मास्तर म्हणाले, “मी एकटा काय करू चार खणांचं?” एवढंच बोलणं झालं. एवढी माणसं बसलेली असताना दुसरं काय बोलणार? आम्हांला उठून बाहेर जायची अक्कल सुचली नाही.

पुढचा महिनाभर मास्तर सांगलीत कुठंशी खोली घेऊन राहिले. दुपारी चहा आणि पाव खायचे. प्रुफांत एकही चूक राहत नव्हती. मग एका सोमवारी ते आले नाहीत. टेबलावर शनिवारचं शेवटचं प्रूफ होतं, ‘वाचले’ लिहिलेलं, सही केलेलं. शेजारी पेन्सिल, टोक करून ठेवलेली. मालकांच्या नावे एक चिठ्ठी होती, की पाचगणीला बहिणीकडे जातो आहे. मी बहिणीच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली.

मी मिरजेला फादरांकडेही जाऊन आलो. म्हातारे, वसईकडचे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, याची मला जास्त लाज वाटली. म्हणाले, “शिकवण मी बदलू शकत नाही. पण तिचा दगड करून कोणी त्यांना मारावं, हेही मला नको होतं. मी त्यांना थांबा म्हणालो. कशाच्या आधारावर थांबा म्हणत होतो, ते मलाच नीट सांगता येईना.” मास्तर कुठं आहेत, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात आमचा शिराळ्याच्या नागांच्या जत्रेवरचा खास अंक असायचा. सगळा अंक जाहिरातींनी आणि नागांच्या फोटोंनी भरलेला. त्या गडबडीत एका दुपारी दारात फौजी उभा. वाळला होता. हातात तोच चार खणांचा डबा. एस.टी.नं आला होता, त्यामुळे भाकरी गार होती. इमामभाईंनी त्याला स्टुलावर बसवलं.

“पत्ता हाय का त्यांचा?” त्यानं विचारलं. “पाचगणीला जाऊन आलो. भन म्हनली, आलंच न्हाईत.”

मी म्हणालो, “नाही.”

त्यानं डबा मांडीवर घेतला. मग म्हणाला, “एक काम करा. त्यो कागूद वाचून दावा. लोकं म्हनत्यात पेपरात आलंय, पेपरात आलंय. काय आलंय ती मला कुनी सांगितलं न्हाई. त्यास्नी इचारलं तर म्हनलं, अर्दं हाय, पुरं झालं की वाचून दावतो.”

मी फाइल काढली. मथळ्याचा पहिला शब्द माझ्या तोंडातून निघेना. तरी वाचला, कारण तो मी लिहिला होता. सगळी बातमी वाचली. फौजी खाली बघून ऐकत होता. मी थांबलो, तेव्हा म्हणाला, “आन् बाकीचं अर्दं?”

इमामभाई उठले. फळीवरचा गठ्ठा काढला, शाईचा रूळ फिरवला, वर कागद ठेवून ब्रशनं ठोकला आणि ओलं प्रूफ माझ्या हातात दिलं. मी वाचलं. वरच्या तीन ओळी, मग खालच्या तीन.

“ह्ये वरचं बी त्येंनीच ठिवाय लावलं?” फौजीनं विचारलं.

“हो. सहाच्या सहा म्हणाले.”

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “तसंच हाय त्यांचं. मीठ कमी पडलं तरी बोलनार, जास्त पडलं तरी बोलनार.” आणि मग त्यानं डोळे पुसले, उघडपणे, हाताच्या पंजानं.

“परत वाचा,” तो म्हणाला. मी परत वाचलं. तो म्हणाला, “आनि एकदा.” वाचताना त्याचे ओठ हलत होते. चार वेळा वाचून घेतलं. मग त्यानं तो कागद मागितला, शाई वाळेपर्यंत थांबला आणि घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. गावात तो कागद त्याला कोणाकडून वाचून घेता येणार नव्हता. म्हणून तर पाठ करत होता.

डबा त्यानं मास्तरांच्या टेबलावर ठेवला. “तुमी खावा. गार झालंय.” उघडून बघितलं, तर पन्नास माणसांचा अंदाज नव्हता. चारी खणांत मिळून एका माणसाचं जेवण होतं.

दारापर्यंत जाऊन तो वळला. “तुमी शेवटापतोर वाचलंसा न्हवं?”

“हो,” मी म्हणालो.

“मग खालनं दुसऱ्या वळीत काय हाय?”

मी कागदाशिवाय सांगितलं. कोणाचा दोष किती, हे ठरवण्याची घाई करू नये.

“बरुबर हाय,” फौजी म्हणाला आणि एस.टी. स्टँडकडे चालायला लागला.

इमामभाईंनी गठ्ठ्यावरची शाई पुसली, सुतळी घट्ट केली आणि तो परत फळीवर ठेवला. त्या आठवड्याच्या अंकातही जागा नव्हती.